अडीच किलोचं आहे म्हणून काय झालं?

शिराळ्याच्या बाजारपेठेत दोरी ताणून, खोकत खोकत मालकाला ओढणारं पामेरियन दिसलं की आपण म्हणतो, ‘किती गोड!’ तेच लॅब्रॅडॉरनं केलं असतं तर? लगेच ‘याला शिस्त लावा’ म्हटलं असतं. माझं म्हणणं, गरज छोट्यालाच जास्त. पामेरियन, चिवावा यांची श्वासनलिका नाजूक असते; गळपट्टा सतत ओढला गेला की ती दाबली जाते. त्या खोकल्याला गोड काय म्हणायचं?

म्हणून आधी छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, हलकी दोरी लावा. सराव घरात, मग अंगणात. दोरी ताणली की थांबा, उलटं खेचू नका. सैल झाली की शाबासकी, उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा आणि पुढे चला. पहिल्या दिवशी दहा पावलं झाली तरी भरपूर!

भटकी कुत्री दिसली की आपण त्याला पटकन उचलतो. खरा धोका असेल तर उचलाच. पण दर वेळी उचललं तर ते चालायला शिकणार कधी? लांबूनच वळा. नागपंचमीच्या गर्दीत मात्र नेऊच नका. तिथं त्याला नुसते पाय दिसतात.