विश्लेषण : ‘पोहता येतं का?’ एवढं विचारणं पुरेसं का नाही?

उन्हाळी शिबिर असो की महाविद्यालयाची सहल, पाण्यात उतरण्याआधी एक प्रश्न हमखास येतो : ‘कोणाकोणाला पोहता येतं?’ भराभर हात वर होतात. त्यातले काही केवळ मित्रांसमोर लाज नको म्हणून. तरीही पुढचा निर्णय त्या हातांवरच होतो.

जबाबदारी कोणाची?

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक दगावले. फक्त पोहण्याच्या चाचणीने हे टळलं असतं, असा दावा नाही. पण मुलांना पाण्याजवळ नेणाऱ्यांनी अंदाजावर विसंबू नये, हा धडा दोन्हीकडे आहे.

चाचणी कशी असते?

अमेरिकेतील स्काउट चळवळीची पद्धत सोपी आहे. डोक्यावरून पाणी जाईल अशा ठिकाणी पाय खाली ठेवून उडी मारायची. मग ७५ यार्ड जोमाने आणि २५ यार्ड पाठीवर, सावकाश पोहायचं. एकूण १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, न थांबता. मध्ये किमान एक वळण. शेवटी तरंगत विसावा घ्यायचा. प्रत्येक टप्प्याला कारण आहे : अचानक पडलो तर सावरता येतं का, दमल्यावर पाठीवर पोहता येतं का, मदत येईपर्यंत तरंगता येतं का. त्यावरून न पोहणारे, नवशिके आणि पोहणारे असे तीन गट पडतात. ही चाचणी दरवर्षी नव्याने होते.

विहिरीत शिकलेल्यांचं काय?

पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला मुलगा बेधडक उडी मारतो, पण तिथे काठ चार हातांवर असतो. शहरातल्या तरण तलावात शिकलेल्या मुलीच्या पायाखाली बहुधा फरशी असते. दोघंही ‘येतं’ म्हणतात आणि खोटं बोलत नाहीत. धरणात किंवा समुद्रात मात्र काठही दूर आणि तळही.

उत्तीर्ण झालं की झालं?

नाही. संथ पाण्यातली चाचणी लाटांची, ओढीची हमी देत नाही. बोटीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पाण्यात दोघादोघांच्या जोड्या आणि काठावर प्रशिक्षित जीवरक्षक हवेतच.

मग करायचं काय?

सहलीआधी जवळच्या तरण तलावात प्रशिक्षकासमोर एक सकाळ काढणं शाळांना अवघड नाही. चाचणीत मागे पडलेल्या मुलाला घरी बसवायचं नाही. त्याला कमरेएवढ्या पाण्यातच, नजरेसमोर खेळू द्यायचं. पालकांनीही संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारावं : चाचणी कुणी घेतली, कुठे आणि कधी? उत्तर मिळेपर्यंत सही थांबवली तरी चालेल.