डॉक्टर परिषदेला गेले आहेत



गतवर्षी दिवाळीच्या आधल्या आठवड्यातील गोष्ट आहे. सोयाबीनच्या राशी चालू होत्या. सायंकाळी आमच्या मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर एका दवाखान्याच्या बंद दारापुढे चार-पाच माणसे उभी होती. दारावर कानडीत लिहिलेला एक कागद डकविला होता. शाळेतील एका मुलाने तो वाचून सर्वांना मराठीत सांगितला : ‘डॉक्टर परिषदेला गेले आहेत. सोमवारी भेटतील.’ त्या दिवशी शुक्रवार होता.

त्या माणसांत एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. गंजीखाली हात घालताना मुलास विंचवाने दंश केला होता. त्याच्या अंगावरून घामाच्या धारा वाहत होत्या, दोनदा ओकारी झाली होती, आणि हातपाय मात्र थंडगार पडले होते. मला पाहताच ती म्हणाली, “फादर, लेकराला इंचू डसला. आता सोमवारपस्तोर मी काय करू?”

आम्ही मुलाला जीपमध्ये घातले आणि हमरस्त्याने पुढच्या गावी नेले. तेथील दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मुलाचे तळहात चाचपले, रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली आणि एक गोळी दिली. मग रात्रभर ते मधून मधून येऊन त्याचा रक्तदाब पाहत राहिले. पहाटे मुलाचे हात ऊबदार झाले आणि त्याने भाकरी मागितली. मी डॉक्टरांचे आभार मानले, तेव्हा ते म्हणाले, “फादर, विंचवाबद्दल कॉलेजात एखादे पान वाचले होते. पण ही गोळी कोणाला व केव्हा द्यावी, हे मी गेल्या साली डॉक्टरांच्या एका सभेत नीट ऐकले. ते टिपण अजून माझ्या खणात आहे.”

वाचकहो, त्या रात्रीपासून ही गोष्ट माझ्या मनात घोळत आहे. परिषदेमुळेच एक दार बंद होते आणि परिषदेमुळेच दुसऱ्या दारी मुलाचे प्राण वाचले. मग डॉक्टरांनी परिषदेला जावे की न जावे? आणि जावे, तर कसे जावे?

प्रथम त्या गोळीची हकीकत ऐका, कारण ती आपल्याच भाषेच्या मुलखातील आहे. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीस लागले. तेथे तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून प्रत्येक लक्षण टिपून ठेवले. विषामुळे शरीरातील रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते, असे त्यांच्या ध्यानी आले. ओकारी, दरदरून घाम आणि थंड हातपाय ही पुढील संकटाची पूर्वसूचना होय, हे त्यांनी १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची साधी गोळी या दंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी त्याच नियतकालिकात १९८६ साली मांडले. पूर्वी विंचवाच्या गंभीर दंशात शंभरांपैकी तीसपर्यंत रुग्ण दगावत. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यापासून ते प्रमाण अगदी थोड्यांवर आले. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. (ही गोळी घरी आणून ठेवण्याची नव्हे, रक्तदाब पाहून ती डॉक्टरांनीच द्यावयाची असते. आपले काम एवढेच की, मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात न्यावे.)

आता पाहा. महाडला लागलेला शोध लंडनच्या नियतकालिकात छापला गेला, म्हणून तो आपोआप बीदर जिल्ह्यातील खेड्यात पोहोचतो असे नाही. खेड्यातील डॉक्टर दिवसाला शंभर रुग्ण तपासतात. लंडनचे नियतकालिक त्यांच्या हाती कोठून पडणार? कोणीतरी उभे राहून ते त्यांना सांगावे लागते, त्यांच्या शंका फेडाव्या लागतात. परिषदेचे खरे प्रयोजन ते हेच. वैद्यकाची विद्या लवकर जुनी होते. वीस वर्षांपूर्वीच्या विद्येवर आजचा रुग्ण तपासणे म्हणजे जुन्या पंचांगावरून यंदाचा सण धरण्यासारखे आहे. म्हणूनच भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांत डॉक्टरांनी दर पाच वर्षांत निदान तीस तास अशा शिक्षणास द्यावेत असे सांगितले आहे.

परंतु फाट्यावरच्या लोकांची कुरकूरही खोटी नव्हती. कित्येक परिषदा म्हणजे मोठे हॉटेल, पंचपक्वान्ने, खांद्याला लटकवायची एक पिशवी आणि हजेरीचे प्रमाणपत्र, एवढ्यावरच आटोपतात. हा खर्च औषधांच्या कंपन्या करीत आणि शेवटी तो औषधाच्या किमतीतून तुमच्या-आमच्याच गाठीचा जाई. प्रकार इतका वाढला की, डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून प्रवासखर्च व पाहुणचार घेऊ नये, असा नियम डिसेंबर २००९ मध्ये करावा लागला. नियमाने पिशवी थांबेल. पण डॉक्टर काय शिकून आले, हे नियमाला विचारता येत नाही. ते आपण विचारले पाहिजे.

परिषद चांगली कशी भरवावी, याचे धडे आपल्या मुलखातच मिळतात. १९७४ साली काही तरुण डॉक्टरांनी ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ नावाचे मंडळ काढले. वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांचे वार्षिक मेळावे अनेकदा भरले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. विषय एकच आणि तो आधीपासून ठरलेला. त्यावरील लेख सर्वांकडे अगोदर धाडलेले. मेळाव्यात कोणी ते लेख वाचून दाखवीत बसत नाही. वाचून आलेली माणसे प्रत्यक्ष चर्चाच करतात. राहणी साधी, आणि औषध कंपनीच्या पैशाला तेथे थारा नाही. जे घरी वाचता येते, त्यासाठी दोनशे माणसांना एकत्र बसवू नये. समोरासमोर बसूनच जे साधते, त्यासाठी बसवावे, हा पहिला धडा.

दुसरा धडा जामखेडचा. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) जामखेडला येऊन राहिले. त्यांनी खेड्याखेड्यांतील बायांना आरोग्याचे काम शिकविले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. या बाया दर आठवड्यास केंद्रावर जमत. माझ्या गावी अमुक मूल आजारी पडले, मी असे केले, त्याचे असे झाले, हे एकेकीने सांगावे, चुकले असेल ते दुरुस्त करून घ्यावे, एक नवी गोष्ट शिकावी आणि गावी परतून ती शेजारणींना शिकवावी, असा क्रम होता. या कामाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात घेतली. पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये त्या वेळच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा या शहरी १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ‘सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य’ असा ठराव त्यांनी केला. सन २००० येऊन गेले. ठराव अपुराच राहिला. आरोळे दांपत्याच्या बाया मात्र दर आठवड्याला आपापल्या गावी काहीतरी घेऊन परतत होत्या. मोठ्या परिषदेचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. पण तिचा ठराव खेड्यात उतरायचा, तर त्यास अशा लहान बैठकांची शिडी लागते.

तिसरा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची आम्हांस भीती वाटते, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभारला. तेथे आदिवासींची आरोग्य संसद भरते आणि आपल्याला कोणत्या आजारांचा अधिक जाच आहे, हे गावकरीच सांगतात. परिषदेत प्रश्न कोणाचा मांडला जावा? तर ज्याला दुखते त्याचा.

आणि आकाराने लहान असल्याने काही बिघडत नाही. ऑस्ट्रेलियातून आलेल्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, आंध्रातील गुंटूर येथे दवाखान्यांत काम करणाऱ्या सिस्टरांना एकत्र बोलाविले. जमल्या अवघ्या सोळा. आपण प्रत्येक जण एकटे काम करतो, ते एकमेकींच्या साह्याने करू, एवढाच त्यांचा निश्चय होता. त्यातून कॅथलिक रुग्णालयांचा जो संघ उभा राहिला, त्यात आज साडेतीन हजारांहून अधिक संस्था आहेत. त्याचे मुख्यालय आपल्या पूर्वेस, हैदराबादलगत सिकंदराबादेत आहे.

आता जाणाऱ्यासाठी चार शब्द. आपल्यांपैकी अनेकांच्या मुली पुण्या-मुंबईला, हैदराबादला परिचारिका आहेत. कोणाचा मुलगा डॉक्टर आहे. आणि आपल्या दवाखान्यांतील सिस्टरही परिषदांना जातात. त्यांना माझे सांगणे असे.

जाण्यापूर्वी दवाखान्याची नोंदवही उघडावी. वर्षभरात कोणत्या रुग्णांपुढे आपला हात टेकला, ते पाहून तीन प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत. रिकामी घागर विहिरीवर नेली तरच ती भरून येते. तेथे गेल्यावर सर्व व्याख्यानांस धावू नये. आपल्या प्रश्नाशी संबंध असेल तेथे पुढच्या बाकावर बसावे व भीड न धरता विचारावे. चहाच्या वेळी ओळखीच्यांतच न रमता, आपल्यासारख्याच खेड्यात काम करणारा एक तरी माणूस गाठावा व त्याचा पत्ता आणावा. अडलेल्या वेळी व्याख्यात्यापेक्षा तोच अधिक उपयोगी पडतो. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत सहकाऱ्यांना बसवून ऐकलेले सांगावे, आणि दवाखान्याच्या कामात निदान एक गोष्ट बदलावी. जे आठ दिवसांत सांगितले नाही, ते महिन्याभरात विसरले असे समजा.

भरविणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात साप निघतात, सुगीत विंचू निघतात. त्या दिवसांत खेड्यांतील दवाखाने ओस पाडू नयेत. एकाच गावचे सर्व डॉक्टर एकाच वेळी बोलावू नयेत. आपल्या सीमेवरच्या भागात डॉक्टर एका भाषेत बोलतात, परिचारिका दुसऱ्या, आणि रुग्ण मराठी, कानडी वा दखनीत विव्हळतो. म्हणून निदान एक बैठक तरी रुग्णाच्या भाषेत व्हावी.

आपण गावकऱ्यांनीही आपला वाटा उचलावा. मुलगी परिषदेहून आली की, ‘काय दिले?’ असे न विचारता ‘काय शिकलीस?’ असे विचारावे. डॉक्टर निघाले की, ‘साहेब, आमचा हा एक प्रश्न घेऊन जा’ असे म्हणावे.

फाट्यावरील डॉक्टर त्या सोमवारी परतले. मी त्यांना भेटून मुलाची हकीकत सांगितली. त्यांच्या टेबलावर नवी कोरी पिशवी होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, तीन दिवस व्याख्याने ऐकली. पण आपल्या गावासाठी काय आणले म्हणाल, तर मला सांगता यायचे नाही.” माणूस सरळ होता, म्हणून एवढे बोलला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी ते पुन्हा एका सभेला गेले. जाण्यापूर्वी आदल्या रविवारी त्यांनी शाळेच्या पडवीत लोकांना विचारून प्रश्न लिहून घेतले. दारावर कागद या वेळीही लागला. पण तो कानडी, मराठी व उर्दू अशा तिन्ही लिपींत होता. त्यावर लिहिले होते : ‘डॉक्टर परिषदेला गेले आहेत. साप, विंचू, बाळंतपण किंवा श्वास लागला असेल, तर थांबू नका,’ आणि खाली पुढच्या गावच्या दवाखान्याचे नाव व गाडीवाल्याचा नंबर. परत आल्यानंतरच्या रविवारी ते पुन्हा पडवीत आले आणि विंचवावर अर्धा तास बोलले. मागच्या रांगेत तीच बाई मुलाला घेऊन बसली होती. बोलणे संपल्यावर पहिला हात तिने वर केला. तिने विचारले, “साहेब, दुसऱ्या गावाला जाईस्तोवर दम निघंना तर? ती गोळी हितंच का ठेवत नाही?”

डॉक्टरांनी वही उघडली आणि तो प्रश्न लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात गोळ्या आल्या. त्या दवाखान्याच्या कपाटात आहेत, आणि डॉक्टर गावाबाहेर असताना त्या कोणी, कोणाला विचारून द्यावयाच्या, हे आता ठरवून ठेवलेले आहे.