चष्मा उतरवण्याआधी



उत्तन-डोंगरी भागातल्या एका भगिनीने विचारले आहे : "मुलगी एकोणीस वर्षांची. नंबर उणे चार. चष्मा पाहून स्थळे परत जातात. म्हैस विकून लेसरचे ऑपरेशन करावे काय?" प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर बऱ्याच घरांच्या उपयोगी पडेल.

आधी हे ऑपरेशन काय आहे ते पाहू. डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखे पारदर्शक पटल असते. त्याची जाडी मधोमध सुमारे अर्धा मिलिमीटर. लांबचे दिसत नाही त्या डोळ्यात प्रकाशाचे किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. लेसरने या पटलाचा अगदी पातळ थर काढून त्याचा आकार बदलतात, म्हणजे किरण नेमके पडद्यावर पडतात. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत मद्रासेत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. अमेरिकेत १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या लेसरने आजूबाजूचा भाग न भाजता सजीव पेशींचा थर काढता येतो.

आता आपल्या भाषेत सांगतो. जमीन सपाट करताना आपण आधी मातीची खोली पाहतो. माती पातळ असेल आणि वरचा थर खरवडला, तर खाली मुरूम लागतो. पटलाचेही तसेच आहे. काढलेला थर पुन्हा भरून येत नाही. म्हणून पटलाची जाडी व आकार यंत्रावर मोजल्याशिवाय होकार देऊ नये. पटल पातळ किंवा शंकूसारखे पुढे आलेले असेल, तर चांगला डॉक्टर स्वतःच नाही म्हणतो.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१) वय अठरा पूर्ण हवे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. वाढत्या नंबरावर ऑपरेशन केले तर चष्मा पुन्हा लागू शकतो.

२) गरोदरपणात व बाळ अंगावर पीत असताना ते करीत नाहीत.

३) डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्याभोवती वलये दिसणे हे त्रास काही महिने राहू शकतात, काहींना कायमचे राहतात.

४) चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच. मोतीबिंदू व काचबिंदू यांवर हा उपाय नव्हे.

५) ऑपरेशननंतर डोळे चोळू नयेत. मळणीची धूळ, फवारणी, विहिरीत पोहणे हे डॉक्टर सांगतील तोवर बंद. लॅसिक पद्धतीत पटलाची पातळ झडप उचलून पुन्हा बसवतात. पुढे जोराचा मार लागला तर ती सरकू शकते. बैलाच्या शिंगाशी, झाडाच्या फांदीशी ज्यांचे रोजचे काम, त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगावे. झडप न करता लेसर करण्याचीही पद्धत आहे. तीत दुखणे जास्त दिवस असते, पण झडपेची भीती नसते.

कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार असेल तर स्वच्छ हात ही पहिली अट. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने लेन्स धुऊ नये. जंतू शिरून पटलावर फूल पडू शकते. फवारणी करताना लेन्स घालू नये. चष्मा लावणाऱ्यानेही फवारणीला त्यावरून बंद गॉगल घालावा.

आता भगिनीला उत्तर. म्हैस विकू नका. दूध रोजचे आहे, ऑपरेशनची घाई नाही. भाईंदरहून लोकलने मुंबई गाठून जे. जे. सारख्या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात मुलीचे डोळे तपासून घ्या आणि नंबराचा कागद जपून ठेवा. वर्षाने पुन्हा तपासा. नंबर तोच राहिला, पटल जाड निघाले, हाती शिल्लक असली आणि मुलीची स्वतःची इच्छा असली, तर जरूर करा. पाहुण्यांसाठी करू नका. चष्मा पाहून उठून जाणारे घर उद्या दुसरे काही पाहून नाक मुरडील. डोळे मात्र मुलीला जन्मभर वापरायचे आहेत.