कोयत्याचे पाणी

मराठी भाषेने ‘पाणी’ या एका शब्दावर किती भार टाकला आहे हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. मोत्याला पाणी असते, माणसाचे पाणी जोखले जाते आणि भट्टीतून लालभडक निघालेल्या पात्याला लोहार पाणी देतो. यांपैकी विहिरीतले आणि नदीतले जे सर्वांत साधे पाणी, त्याचीच बीड जिल्ह्यात वानवा. म्हणून दसरा उलटला की येथील लक्षावधी माणसे बिऱ्हाड पाठीशी बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट धरतात. आणि ज्या हत्याराच्या भरवशावर ती जातात, त्या कोयत्याचे पाणी मात्र कोणत्याही सरकारी वा सहकारी दप्तरात नोंदलेले नसते. ही नोंद व्हावी आणि ती करण्याचे काम या जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांनी अंगावर घ्यावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

उसाच्या फडावर ‘कोयता’ हा शब्द हत्याराइतकाच माणसांनाही लावला जातो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटाच आला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळीची गणती होते ती कोयत्यांनी, आणि हंगामाअखेर हिशेब होतो तो तोडलेल्या टनांवर. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असल्यामुळे ऊस जमिनीसरसा तोडावा असा कारखान्याचा आग्रह असतो आणि तो रास्तही आहे. पण जमिनीसरसा घाव घालावयाचा म्हणजे दर घावागणिक पाते मातीत आणि खड्यांत जावयाचे. पाते मऊ असेल तर धार वळते, अति कठीण असेल तर तिचा टवका उडतो. दोन्ही परींनी कानस हाती घेऊन बसावे लागते, आणि तेवढा वेळ टनाच्या हिशेबातून वजा होतो. बोथट कोयत्याला जोर अधिक लागतो, जोर अधिक लावला की हात निसटतो, आणि निसटलेला हात कोठे जाऊन पडतो हे फडावरच्या कोणालाही विचारावे.

हे पाते येते कोठून? पुष्कळसे कोयते मोडीत निघालेल्या मालमोटारीच्या कमानपाट्यापासून घडविले जातात, आणि ही निवड करणाऱ्या लोहाराच्या अकलेला दाद दिली पाहिजे. कमानीच्या पोलादात शेकडा 0.5 ते 0.6 भाग कर्ब आणि त्याच्या जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. लवचीकपणा आणि काठिण्य यांचा इतका चांगला मेळ मोडीच्या बाजारात दुसरा मिळणे अवघड. पण त्याच पाट्याने वर्षानुवर्षे खाचखळग्यांतून लाखो हिसके खाल्लेले असतात. धातूलाही थकवा येतो, आणि त्या थकव्याचा नियम एकोणिसाव्या शतकात व्होलर नावाच्या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून शोधून काढला. पाट्याच्या पोटात नजरेला न दिसणारी एखादी भेग असली, तर ती घणाखाली नाहीशी होईलच असे नाही. ती कोयत्यात उतरते आणि ऐन हंगामात पाते मुठीपाशी मोडते.

घडणीनंतरची पायरी, म्हणजे पाणी देणे, याहून नाजूक. पोलाद सुमारे 850 अंशांपर्यंत तापवून एकदम थंड केले की त्याची अंतर्रचना पालटते. ते कमालीचे कठीण होते आणि तितकेच ठिसूळही. मग ते पुन्हा दोन-तीनशे अंशांपर्यंत हलके तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. घासून उजळलेल्या पात्यावर त्या वेळी प्रथम गवती पिवळा, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो; कोणत्या रंगावर थांबावयाचे ते लोहार डोळ्याने ठरवितो. यात त्याचा हातखंडा असतो यात शंका नाही. परंतु घिसाड्याची भट्टी बाजाराच्या कडेला उघड्यावर, भर उन्हात पेटते. उन्हात तप्त पोलादाची लाली फिकी दिसते, म्हणून भाता आणखी चार वेळा हलतो, आणि पोलाद जरुरीपेक्षा अधिक तापून त्याचे कण जाडेभरडे होतात. मोडलेल्या पात्याची कड उजेडात धरली असता ती साखरेसारखी चमकली, तर दोष हाताचा नसून उजेडाचा आहे असे समजावे. गंमत अशी की या दोषावर उपाय म्हणून एक साधे लोहचुंबकही बरेच काम करील: 770 अंशांच्या पुढे लोखंड चुंबकाला दाद देत नाही, तेव्हा चुंबक सुटला की थोडे पुढे जाऊन थांबावे. तसेच या जातीचे पोलाद पाण्यात एकदम बुडविले तर तडकण्याचा संभव असतो आणि तेलात तो कमी होतो. पाणी देताना तेल वापरावे, हे भाषेला विसंगत असले तरी शास्त्राला धरून आहे.

या गोष्टी जगाला अज्ञात आहेत असे मुळीच नाही. उलट धातूंवरील प्रायोगिक संशोधनाच्या आरंभकाळीच आपल्या मुलखाचा त्याच्याशी संबंध आला आहे. 1794 साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ नावाच्या देशी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवरील प्रयोगांचा निबंध सोसायटीपुढे ठेवला. पुढे मायकेल फॅरेडे यांनी, जे स्वतः एका लोहाराचे चिरंजीव होते, जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू-सुऱ्या घडविणाऱ्या कारागिराच्या साहाय्याने पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले आणि 1820 व 1822 मध्ये ते प्रसिद्ध केले. वुट्झ पोलादाचे एक ख्यातनाम केंद्र निजामाबादेजवळचे कोनासमुद्रम. म्हणजे ज्या निजामी अमलाखाली बीड 1948 पर्यंत होते, त्याच अमलातले. आपल्याच दख्खनच्या मुशीतील पोलादाने परक्या विद्वानांना प्रयोगशाळा उघडावयास लावावी आणि आपण मात्र आपल्या कोयत्याकडे पाहावयाचे ते खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापुरतेच, हा व्यवहार खेदजनक आहे.

याच पोलादाच्या दमास्कस तलवारींवरील नागमोडी नक्षीचे कोडे अलीकडे ज्यांनी उलगडले त्यांची जोडीही ध्यानात घेण्यासारखी आहे. एक, अमेरिकेतील आयोवाचे धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हेरहोवेन. दुसरे, घोड्यांना नाल ठोकणारे लोहार आल्फ्रेड पेंड्रे. अत्यल्प व्हॅनेडियमसारख्या अशुद्धीमुळे ती नक्षी उमटते, असे त्यांनी 1998 साली दाखवून दिले. भट्टी एकाची आणि सूक्ष्मदर्शक दुसऱ्याचा. ही भागीदारी नसती तर दोघांनाही ते गूढ कदाचित उकलले नसते.

कोणी म्हणेल की असे संशोधन बीडसारख्या जिल्ह्याला परवडणारे नाही. त्याला याच जिल्ह्यातल्या परळीचे उत्तर पुरेसे आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राच्या संचांतील वाफ 540 अंशांच्या आसपास तापलेली असते. एवढ्या उष्णतेत आणि दाबाखाली नळ्यांचे पोलाद वर्षानुवर्षे कणाकणाने ताणले जाते, आणि एखादी नळी फुटली तर अनर्थ ओढवेल म्हणून बाष्पकातील पोलादाची तपासणी कायद्यानेच बंधनकारक केली आहे. 1923 सालापासून तसा कायदा या देशात आहे. म्हणजे धातूची परीक्षा ही वस्तू या जिल्ह्याला नवी नाही. फक्त ती वीजकेंद्राच्या फाटकाच्या आत राहिली. नांगराला किर्लोस्करवाडीचा कारखाना लाभला, वाफेच्या नळीला कायदा लाभला. कोयत्याच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही, कारण तो ज्याच्या हातात असतो त्याच्या हातात दुसरे काही नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मजुरीचे दर, उचलीचा फास, फडावरच्या बायकांच्या प्रकृतीची आबाळ आणि पोरांची बुडालेली शाळा एवढे प्रश्न समोर असताना पात्याच्या काठिण्याची चर्चा करणे म्हणजे मूळ दुखणे सोडून नखाला औषध लावणे होय, आणि शिवाय ऊसतोडणी यंत्रे तर आलीच आहेत, असे म्हटले जाईल. मूळ दुखण्याविषयी माझा वाद नाही. चांगला कोयता चांगल्या मजुरीची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा दावा करणाऱ्याने फडावर तोंड दाखवू नये. परंतु मजुरीचा करार मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनी होतो, आणि पाते मात्र येत्या हंगामाच्या आत सुधारता येते. यंत्रे आली तरी लहान आणि वेड्यावाकड्या तुकड्यांतला ऊस बराच काळ हातानेच तोडावा लागेल; शिवाय यंत्रालाही पाती असतात आणि तीही त्याच मातीत झिजतात.

तेव्हा सूचना अशी. बीड आणि अंबाजोगाई येथील तंत्रनिकेतनांनी, तालुक्यांच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना सोबत घेऊन, दसऱ्यापूर्वी आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर येथील लोहारांकडून कोयते घ्यावेत. हिऱ्याचा शंकू 150 किलोग्रॅम भाराने दाबून काठिण्य मोजण्याचे यंत्र आणि खाच पाडलेल्या तुकड्यावर लोलकाचा घाव घालून चिवटपणा मोजण्याचे यंत्र, दोन्ही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातलीच; विद्यार्थी दरवर्षी त्यांवर आयते तुकडे तपासून वही पुरी करतात. त्या जागी कोयत्याचे पाते ठेवावे. एकाच पाट्याचे तुकडे तेलात व पाण्यात, तीन वेगवेगळ्या रंगांवर थांबवून तयार करावेत, त्यांचे कोयते फडावर द्यावेत आणि किती टनांनंतर कानस लागली हे तोडणाऱ्याच्याच तोंडून लिहून घ्यावे. निष्कर्ष इंग्रजी निबंधात पुरून न ठेवता रंगांच्या चित्रासह एका मराठी कागदावर छापून लोहाराच्या भट्टीशी टांगावेत, आणि त्याच्या परीक्षेतून जे नवे कळेल ते पुन्हा वहीत यावे. खर्चाची तरतूद ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने करावी. ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्यांच्या हातातले हत्यार त्याच्या कक्षेबाहेर मानण्याचे कारण नाही.

मग पुढच्या एखाद्या खंडेनवमीला पाटावर मांडलेल्या कोयत्यावर, मुठीच्या वर, जिथे हळदीचे बोट लागते तिथे, त्याच्या काठिण्याचा अंक ठोकलेला दिसावा. मुकादमाच्या वहीत त्या कोयत्यावर किती उचल घेतली हे लिहिलेले असतेच. त्याचे पाणी किती आहे हेही एकदा कोठेतरी लिहिलेले असावे.