इलेक्ट्रिशियनचे बिल: लूट की हिशोब?



डब्लिनमधल्या मराठी घरांत पॉटलकला जमलेल्या मंडळींचा आवडता विषय म्हणजे इलेक्ट्रिशियनने दिलेले एस्टिमेट. गॅरेजमध्ये गाडीचा चार्जर बसवायचा असो, नाहीतर जुने पॅनेल बदलायचे असो, आकडा ऐकला की कोणीतरी म्हणतेच, "एवढ्यात पुण्यात अख्ख्या फ्लॅटचे वायरिंग झाले असते!" तुलना स्वाभाविक आहे, पण तिने प्रश्न सुटत नाही. हे पैसे नक्की कशाचे, आणि त्यातले वाचवता येण्याजोगे कोणते, हे पाहू.

मागणी कुठून आली?

2000 च्या जनगणनेत डब्लिनची लोकसंख्या सुमारे 30 हजार होती, 2020 मध्ये ती साडेबहात्तर हजारांवर गेली. पूर्वेकडची बहुतेक घरे या काळातली. पश्चिमेकडची अनेक घरे मात्र 1960 च्या दशकातली आहेत आणि तिथे 100 अँपिअरची पॅनेल्स अजून सापडतात. ती बसवली तेव्हा घरात दिवे, फ्रिज, टीव्ही एवढाच भार होता. आज त्याच पॅनेलवर एसी, गाडी, इंडक्शनची शेगडी आणि हीट पंप चढवायचा आहे.

त्यात सरकारी धोरणाची भर. बे एरियाच्या हवा नियंत्रण मंडळाने मार्च 2023 मध्ये नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या गॅस वॉटर हीटर आणि फर्नेसच्या नव्या विक्रीवर टप्प्याटप्प्याने बंधने आणण्याचा नियम मंजूर केला. त्यात वॉटर हीटरसाठी 2027 आणि फर्नेससाठी 2029 अशी वर्षे ठरली. म्हणजे गॅसवरचे काम विजेवर येणार आणि प्रत्येक वेळी इलेक्ट्रिशियन लागणार. दुसरीकडे सवलत आटली. पॅनेल बदलण्यावर मिळणारी 600 डॉलरपर्यंतची फेडरल कर सवलत 2025 अखेर संपली.

माणसे का कमी?

महाराष्ट्रात आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, आणि टेस्टर खिशात घालून स्कूटरवरून येणारा कोपऱ्यावरचा वायरमन तर बरेचदा तोही न करता तयार झालेला. कॅलिफोर्नियात कंत्राटदाराकडे हे काम करणाऱ्याला राज्याचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी घरगुती कामाचा 4,800 तासांचा, तर सर्वसाधारण इलेक्ट्रिशियनला 8,000 तासांचा अनुभव हवा. हे झाले हाताखालच्या कारागिराचे. काम घेणाऱ्या कंत्राटदाराला वेगळे सी-10 लायसन्स, परीक्षा आणि 25 हजार डॉलरचा बॉण्ड लागतो.

अलामेडा काउंटीतल्या इलेक्ट्रिशियनांच्या युनियनचे, आयबीइडब्ल्यू लोकल 595 चे, कार्यालय आपल्याच डब्लिनमध्ये व्हिलेज पार्कवेवर आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्या इमारतीकडे कधी लक्ष दिले आहे? तिथली अप्रेंटिसशिप पाच वर्षांची. डिग्रीपेक्षा जास्त वेळ घेणारे हे शिक्षण आहे, आणि ते घेतलेल्या माणसाला डेटा सेंटर, हॉस्पिटल अशी मोठी कामेही बोलावत असतात. तुमच्या गॅरेजमधल्या दोन तासांच्या कामाला त्या कामांशी स्पर्धा करावी लागते.

शिवाय बिलातले तास फक्त तुमच्या घरातले नसतात. येण्याजाण्याचा वेळ, एस्टिमेट द्यायला मारलेली फुकटची फेरी, परमिटची कागदपत्रे, इन्स्पेक्टरसाठी थांबणे, व्हॅन, विमा, हे सगळे त्याच दोन तासांवर पडते. म्हणून छोटे काम नेहमी महाग वाटते. पंखा, दोन स्विच आणि बाहेरचा दिवा ही कामे एकदमच काढली, तर तोच फेरा तीन वेळा भरावा लागत नाही.

खरी बचत कुठे?

दर घासाघीस करून कमी करण्यापेक्षा काम कमी करणे जास्त फायद्याचे. बरेच पैसे जातात ते गरज नसलेल्या पॅनेल अपग्रेडमध्ये. पॅनेल 200 अँपिअरचे करायचे तर पीजी अँड ईची सर्व्हिस लाइनही बदलावी लागू शकते. ती जमिनीखालून असेल तर खोदकाम आले आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

म्हणून आधी लेखी 'लोड कॅल्क्युलेशन' मागा. साधा हिशोब बघा: 40 अँपिअरच्या ब्रेकरवरचा चार्जर 32 अँपिअर, म्हणजे सुमारे 7.7 किलोवॉट घेतो. पण भिंतीतल्या साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर 12 अँपिअरने रात्री दहा तास गाडी लावली, तरी चाळीसेक मैलांची सोय होते. प्लेझंटन किंवा सॅन रमोनला जाऊन-येऊन हे पुरून उरते. मोठा चार्जर हवाच असेल, तर घरातला भार वाढला की गाडीचा आपोआप कमी करणारे उपकरण मिळते. ते लावल्यास 100 अँपिअरचे पॅनेल बरेचदा चालून जाते. आणि घर 2017 नंतरचे असेल तर बांधकामाच्या नियमानुसार चार्जरसाठी पाइप आधीच टाकलेला असायला हवा. तो शोधा.

स्वस्तातला 'ओळखीचा माणूस'

व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर फिरतो, माणूस रोख घेतो आणि निम्म्यात काम करतो. 1 जानेवारी 2025 पासून कायद्याने लायसन्सशिवाय करता येणाऱ्या कामाची मर्यादा 500 वरून 1,000 डॉलर झाली हे खरे. पण मजुरी आणि सामान मिळून एकूण हजाराच्या आत हवे, परमिट लागणारे काम नको आणि त्याने मदतनीस ठेवलेला नको. पॅनेल किंवा चार्जरचे काम यात बसत नाही. तुकडे पाडून बिले केली तरीही नाही.

असा माणूस शिडीवरून पडला तर जबाबदारी घरमालकावर येऊ शकते. बिनापरमिटचे काम घर विकताना उघडे पडते. आणि भिंतीमागे सैल राहिलेला जोड कधी तापेल ते कोणी सांगू शकत नाही. विशेषतः 1965 ते 1973 च्या सुमाराच्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा असू शकतात. त्यांचे जोड जाणकारानेच हाताळावेत.

तेव्हा एवढे जरूर करा: तीन लेखी एस्टिमेट घ्या. राज्याच्या लायसन्स मंडळाच्या संकेतस्थळावर नंबर तपासा, तिथे विम्याचीही माहिती मिळते. आगाऊ रक्कम कामाच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच द्या. कायदा यापेक्षा जास्त मागू देत नाही. परमिटचा खर्च बिलात वेगळा दाखवायला सांगा.

शेवटी एक गोष्ट. कोडिंगच्या तासाला आपण जो भाव मागतो तो आपल्याला योग्य वाटतो, पण हाताने काम करणाऱ्याने तोच मागितला की आपण चमकतो. हा चष्मा आपण इथे येताना सोबत आणला आहे. आपल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या "मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय" म्हणाले, तर घरात काय होईल? उत्तर मनातल्या मनात द्या. टंचाईचे एक कारण त्यातही सापडेल.