वजन जातं कुठे?



गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं ह्यूस्टनला लेकीकडे तीन महिने राहून आलो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. फोटोही पाहून झालेत. पण तिथली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आता जावईबापूंची परवानगी घेऊन लिहितो आहे. "लिहा बाबा, फक्त माझं नाव नको," एवढीच त्यांची अट.

विषय वाचून नातेवाइकांच्या भुवया वर जातील. रोज कपड्यांच्या आत लपवून बाळगण्यासाठी रिव्हॉल्व्हर कसं निवडावं, हा तो विषय. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या मास्तराने यात तोंड घालावं का? घालावं असं मला वाटतं. एक तर शाळेत बरीच वर्षं एन.सी.सी. माझ्याकडे होती आणि कॅम्पात मुलांच्या शेजारी पालथं पडून मीही .22 आणि .303 चालवली आहे. दुसरं म्हणजे ते रिव्हॉल्व्हर माझ्या नातीच्या घरात येणार होतं.

झालं असं. जावईबापू फार्मासिस्ट आहेत. फेब्रुवारीत एका रात्री दुकान बंद करून गाडीकडे जाताना पार्किंगमध्ये एकाने त्यांना पिस्तूल दाखवलं. पाकीट, फोन, घड्याळ गेलं. अंगाला धक्का लागला नाही. पण त्या दिवसापासून माणूस बदलला. आम्ही मेमध्ये पोचलो तेव्हाही रात्री गाडीतून उतरायच्या आधी ते दोन मिनिटं आतच बसून आजूबाजूला पाहायचे. खिडकीतून मला ते दिसायचं. लेक काही बोलायची नाही.

मग एका संध्याकाळी त्यांनी लॅपटॉपवर मला एक चित्र दाखवलं. "बाबा, हे घ्यायचं ठरवतोय."

स्मिथ अँड वेसन कंपनीचं 329 पीडी. स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, टायटॅनियमचं चक्र, सहा गोळ्या आणि वजन जेमतेम 700 ग्रॅम. काडतूस मात्र .44 मॅग्नम. 1971 च्या 'डर्टी हॅरी' सिनेमात क्लिंट ईस्टवुडच्या हातात जे धूड आहे त्याचंच काडतूस. फरक इतकाच की ते धूड पोलादी होतं, सव्वा किलोच्याही पुढे.

जावईबापूंचं गणित सरळ होतं. रोज अंगावर वागवायचं म्हणजे हलकं हवं. आणि वेळ आलीच तर एका गोळीत काम व्हायला हवं, म्हणजे मोठं हवं. हलकं आणि मोठं, दोन्ही एकात मिळतंय, तर का नको?

टेक्सासात याला अडवणारं फारसं काही नाही. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला तिथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. परवाना अजूनही मिळतो, त्यासाठी वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा असते. पण तो आता सक्तीचा नाही. म्हणजे सकाळी विकत घ्यावं आणि संध्याकाळी कमरेला लावावं, इतकं सोपं. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी किती जोडे झिजवावे लागतात, ते ज्यांनी झिजवलेत त्यांना विचारा!

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "वजन काढलं म्हणता, ते गेलं कुठे?"

ते हसले. पण हा प्रश्न थट्टेचा नव्हता. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा, त्यामुळे न्यूटनचे तीन नियम मलाही पाठ झाले. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. .44 मॅग्नमची नेहमीची गोळी साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास असते. तिचा संवेग बंदूक हलकी केली म्हणून कमी होत नाही. बंदुकीचं वजन निम्मं केलं की ती दुप्पट वेगाने मागे येते. आणि ऊर्जेत वेगाचा वर्ग असल्यामुळे हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. थोडक्यात, कमरेवरून काढलेलं वजन तळहातात येऊन बसतं.

एन.सी.सी.तल्या .303 चं काडतूस चांगलं दणकट. पण ती रायफल चार किलोची आणि मागे अख्खा खांदा. तरी कोवळी पोरं पहिल्या गोळीनंतर डोळे मिटून चाप ओढायची. इथे तर 700 ग्रॅम आणि मागे फक्त मनगट.

"घेण्याआधी चालवून तरी बघा," असं मी म्हटलं. तिथे नेमबाजीच्या रेंजवर बंदुका तासाच्या भाड्याने मिळतात. एका शनिवारी आम्ही दोघं गेलो. मी फक्त पाहायला. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक बाळगायला तिथल्या संघराज्याच्या कायद्याने सहसा मनाईच आहे, आणि या वयात मला हौसही नव्हती. कानांवर मफ चढवून काचेमागे उभा राहिलो.

पहिली गोळी सुटली आणि नळी छताकडे गेली. जावईबापूंनी वळून माझ्याकडे पाहिलं, हसायचा प्रयत्न केला. दुसरी. तिसरी. चौथीनंतर त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि हात झटकला. अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलवटली होती. सात यार्डांवरच्या कागदावर पहिली गोळी बरी होती. बाकीच्या खाली, आणखी खाली, आणि एक तर कागदाच्या बाहेर.

तिथला शिकवणारा मोठा धोरणी माणूस. तो काही बोलला नाही. रिव्हॉल्व्हर घेऊन पाठ फिरवून पुन्हा भरलं, पण मधली काही घरं मुद्दाम रिकामी ठेवली, आणि परत दिलं. जावईबापूंनी चाप ओढला. नुसता 'टक' आवाज झाला. गोळी नाही, धक्का नाही, तरीही नळी तीन बोटं खाली गेली! धक्का बसणार या धास्तीने हात आधीच खाली दाबला जात होता. मास्तर म्हणून सांगतो, इतकी चोख परीक्षा मी सबंध नोकरीत घेतली नाही. मुलाला धडा येत नाही हे मुलालाच दिसलं आणि कुणी रागावलं नाही.

मग त्याने दुसरं रिव्हॉल्व्हर आणलं. रुगर एसपी 101. सगळं पोलादी, पाच गोळ्या, वजन साधारण तेवढंच, 700 ग्रॅमच्या थोडं वर. त्यात त्याने .38 स्पेशल काडतुसं भरली. गोळी दहा ग्रॅमची आणि वेगही बेताचा. वजन सारखंच असूनही हाताला बसणारी ऊर्जा पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते. जावईबापूंनी त्यातून पन्नास गोळ्या झाडल्या. शेवटच्या पाच एका बशीत मावतील इतक्या जवळ होत्या. आणि ते मोकळे हसले. फेब्रुवारीनंतर लेकीने ते हसू पाहिलं नव्हतं आणि नेमकी ती तिथे नव्हती.

आता माझं मत सांगतो. ते एका शनिवारवर बेतलेलं आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याला एक मोठा दाखला जोडतो. 1986 च्या एप्रिलमध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. आपली काडतुसं कमी पडली असा निष्कर्ष निघाला आणि खात्याने अधिक जोरदार 10 मिलिमीटर काडतूस घेतलं. ते अनेक एजंटांच्या हाताला जड गेलं, म्हणून त्याहून सौम्य .40 आलं. आणि 2015 च्या सुमारास हे खातं पुन्हा साध्या 9 मिलिमीटरवर परतलं. गोळ्या सुधारल्या हे एक कारण. दुसरं कारण असं की कमी धक्क्याच्या पिस्तुलाने माणसं अधिक अचूक मारतात. ज्यांचा तो धंदाच आहे, त्यांना हे उमगायला तीस वर्षं लागली. आपण तर औषधं मोजणारी माणसं.

हलक्या, मोठ्या रिव्हॉल्व्हरची आणखी एक खोड आहे. एस.टी. गचका देऊन सुटली की उभा प्रवासी जागीच राहतो आणि मागे पडतो. इथे रिव्हॉल्व्हर मागे झेपावतं आणि उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जडत्वाने जागीच राहू पाहतात. काडतुसाची पकड ढिली असेल तर गोळी हळूहळू पुढे सरकते, चक्राबाहेर डोकावते आणि चक्र अडकतं. रिव्हॉल्व्हर घ्यायचं ते बिनचूक चालतं म्हणून, आणि हलकेपणापायी नेमका तोच गुण पणाला लागतो.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तो अन्याय होईल. अस्वलांच्या जंगलात पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याला 329 पीडीचा अर्थ आहे. तो दिवसभर ते वाहतो आणि कदाचित जन्मात एकदाच झाडतो. शिवाय त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .44 स्पेशल हे सौम्य काडतूसही चालतं, आणि चार्टर आर्म्सचं बुलडॉग तर 1973 पासून त्याच काडतुसासाठी बनतं. जे वर्षानुवर्षं सराव करतात त्यांनी ते खुशाल वापरावं. आपल्याकडेही 2014 मध्ये कानपूरच्या शस्त्र कारखान्याने अर्ध्या किलोचं 'निर्भीक' काढलं, खास स्त्रियांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण ते .32 चं होतं. वजनाबरोबर काडतूसही लहान, निदान एवढा हिशोब त्यात होता.

माझं म्हणणं नवशिक्याबद्दल आहे. घाबरलेला माणूस मोठं हत्यार निवडतो, कारण भीती मोठी असते. पण जे चालवताना हात दुखतो त्याचा सराव माणूस टाळतो. वर्षाने एक डबी काडतुसं तशीच कपाटात पडून राहतात. सराव नसलेलं हत्यार कमरेला लावलेला माणूस पार्किंगमध्ये स्वतःला सुरक्षित समजतो, आणि तिथे त्याची गोळी भलतीकडे जाऊ शकते. त्या पार्किंगमध्ये इतर लोकही असतात. म्हणून निवड करताना 'एका गोळीत काय होईल' हे विचारू नये. 'महिन्याला शंभर गोळ्या मी आनंदाने झाडीन का' हे विचारावं. उत्तर 'नाही' असेल तर ते हत्यार आपलं नव्हे.

आणखी एक गोष्ट मी जावईबापूंना सांगितली, ती सांगताना मात्र घसा कोरडा पडला. जावयाला असलं बोलावं की नाही, कळेना. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48 हजारांवर माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्येची. "तुम्ही रात्री नीट झोपत नाही," मी म्हटलं. "दाराबाहेरच्या चोराचा विचार केलात. आता घरातल्या माणसांचा करा. त्यात तुम्हीही आलात." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

शेवटी काय झालं ते सांगतो. 329 पीडी घेतलं नाही. त्यांनी आधी एका समुपदेशकाकडे जायला सुरुवात केली. मग परवान्याचा वर्ग सक्तीचा नसतानाही पुरा केला. दिवाळीच्या सुमारास एसपी 101 घेतलं आणि त्याच दिवशी आकडे जुळवून उघडायची लोखंडी पेटी भिंतीत ठोकून घेतली. नात सात वर्षांची आहे. बाप घरी आला की धावत जाऊन कमरेला मिठी मारते. म्हणून आता दारातून आत आल्यावर आधी पेटी, मग मिठी, असा नियम आहे.

मला विचाराल तर त्यांनी काहीच घेतलं नसतं तर मी जास्त शांत झोपलो असतो. लेकीचंही मन तेच असावं. पण त्या रात्री पार्किंगमध्ये मी नव्हतो, ते होते. निर्णय त्यांचा. दर महिन्याला रेंजवरून आले की ते मला कागदाचा फोटो पाठवतात. मीही जुन्या सवयीने शेरा लिहून पाठवतो. मागच्या खेपेला 'ठीक, डावीकडे लक्ष द्यावे' असा लिहिला.

असो. अमेरिकेतल्या वाचकांपैकी कुणी या वाटेने गेलं असेल तर जरूर लिहा. आणि सांगलीच्या आत्या, काळजी करू नका, सगळे सुखरूप आहेत.