टाकाऊ वस्तूंचा मान

वार्षिक प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की शहरातील लेखनसाहित्याच्या दुकानांत एक चमत्कारिक गर्दी उसळते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या सदराखाली मांडावयाच्या वस्तूंसाठी पालक आणि पाल्य हातांत याद्या घेऊन उभे असतात. आइस्क्रीमच्या काड्यांचे कोरे गठ्ठे, सोनेरी रंगाच्या डब्या, टिकल्या, आरसे आणि डिंक यांची खरेदी होते. टाकाऊ वस्तू विकत आणून तिचे टिकाऊ करावयाचे आणि प्रदर्शन संपताच ते टिकाऊ उकिरड्यावर टाकावयाचे, हा प्रकार विनोदी असला तरी त्यात हसण्यासारखे फारसे नाही. ज्या कलेच्या नावाने हे चालते ती कला काही निराळेच मागते, आणि आपण मुलांना नेमके तेच शिकविण्याचे टाळतो, असे माझे मत आहे.

ती काय मागते हे सांगावयास एक लहानसे उदाहरण पुरे आहे. 1942 साली, पॅरिस शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, पिकासोने सायकलीची एक जुनी बैठक आणि तिचेच हँडल एकत्र जोडले. बैठक हे तोंड झाले, हँडल ही शिंगे झाली आणि भिंतीवर बैलाचे मस्तक उभे राहिले. त्यात तिसरी वस्तू नाही. पाहणाऱ्याला प्रथम बैल दिसतो, मग सायकल दिसते, आणि पुढे कितीही वेळ पाहिले तरी दोघांपैकी एकही दुसऱ्याला हटवीत नाही. त्या बैठकीवर चुन्याचा लेप देऊन वर डोळे रंगविले असते, तर एक सामान्य बैल तयार झाला असता. (पुढे त्याची काशाची प्रत ओतण्यात आली, तीत चामडे आणि लोखंड यांतील भेद पुसला जाऊन निम्मी गंमत गेली, असे मला वाटते.) अशा जुळणीला पाश्चात्त्य देशांत ‘असेम्ब्लाज’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने 1961 साली तिचे मोठे प्रदर्शन भरविले आणि तेव्हापासून हे नाव सर्वत्र रूढ झाले.

परंतु त्यासाठी पॅरिसला कशास जावयाचे? आपल्या देशात चंदीगड येथे याचे असे उदाहरण आहे की त्यापुढे पिकासोचा बैल हा एक खेळ वाटावा. नेकचंद सैनी यांचा जन्म 1924 साली, आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात झाला. फाळणीत ते गाव सुटले. पुढे ल कॉर्बुझिए या वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्याप्रमाणे चंदीगड हे नवे शहर वसू लागले, तेव्हा ते तेथे रस्ते-निरीक्षकाच्या नोकरीस लागले. नवे शहर उभे करण्यासाठी त्या जागेवरील जुनी खेडी उठविण्यात आली होती. त्या घरांच्या राडारोड्यात फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, खापऱ्या, विजेची निकामी बटणे, सायकलींचे सांगाडे असे सारे पडलेले असे. स्वतःचे गाव गमावलेला हा माणूस दुसऱ्यांच्या गमावलेल्या गावांचे तुकडे वेचू लागला. दिवसा सरकारी नोकरी करावी आणि उरलेल्या वेळी सायकलीवरून सामान वाहून रानातील एका घळीत नेऊन ठेवावे, असा क्रम सुमारे अठरा वर्षे चालला. तेथे बांधकामास सक्त मनाई असल्याने हे सारे गुपचूप करावे लागे.

अखेर अधिकाऱ्यांना पत्ता लागला. कायद्याप्रमाणे ते सर्व पाडता आले असते. पण तोवर तेथे माणसे, पशू, पक्षी यांच्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या, आणि पाहावयास आलेले लोक ते पाडू देण्यास राजी नव्हते. 1976 साली ती बाग जनतेसाठी खुली झाली. नेकचंदांना मदतनीस मिळाले, आणि 1984 साली पद्मश्री मिळाली. 2015 साली ते वारले. बागेवरील संकट मात्र पुरते टळलेले नाही. 2025 साली रस्ता रुंद करण्यासाठी तिच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला.

त्या बागेतील कित्येक स्त्रीमूर्तींची वस्त्रे फुटक्या बांगड्यांची आहेत. बांगडी फुटली असे आपल्या घरांत म्हणत नाहीत. ती ‘वाढवली’ असे म्हणतात. ज्या भाषेला हा शब्द सुचला तिला त्या काचेच्या तुकड्याचे मोल सांगावयास नको. त्या बांगड्या कोण्या बायकांच्या हातांतल्या होत्या हे आज कोणास ठाऊक नाही. तथापि त्या कोणाच्या तरी होत्या हे मूर्तीकडे पाहताच कळते. नेकचंदांनी त्यांवर सोनेरी रंग फासला असता, तर ती खेडी दुसऱ्यांदा उठली असती.

यावर कोणी म्हणेल, मग रंग वर्ज्यच मानावा काय? तसे नाही. लुईझ नेव्हलसन ही अमेरिकन शिल्पकर्ती न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील लाकडी सामान गोळा करून त्याच्या भिंती रची आणि त्या सबंध काळ्या रंगवी. पण त्या काळोखातही खुर्चीचा पाय खुर्चीचाच राहतो, कठड्याचा गज कठड्याचाच. घानामध्ये जन्मलेला आणि नायजेरियात काम करीत आलेला एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची हजारो झाकणे चपटी करून तांब्याच्या तारेने शिवतो. दुरून राजवस्त्र भासते, आणि जवळ जाताच झाकणांवरील मद्याची नावे वाचता येतात. युरोपच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मद्य देऊन माणसे विकत घेतली, हा इतिहास त्या झाकणांत आहे. म्हणूनच ती झाकलेली नाहीत. वडोदऱ्याच्या ललितकला महाविद्यालयात शिकलेल्या विवान सुंदरम यांनीही आपल्या चित्रशाळेत कचऱ्याचे एक सबंध शहर मांडून त्याची छायाचित्रे घेतली होती.

लहान मुलांकडून एवढी अपेक्षा कशाला, हातास वळण लागले तरी पुरे, असेही काही शिक्षक म्हणतात. हातास वळण मातीकामाने लागते, शिवणाने लागते. त्यासाठी बाटलीला वेठीस धरण्याचे कारण नाही. या विषयात वळण लावावयाचे ते डोळ्यांना. बंद पडलेल्या घड्याळाचे चाक, आजोबांच्या छत्रीची काडी, स्टोव्हचा पितळी पंप ही प्रत्येक घरात असतात. पाहावयास शिकलेल्या मुलाला छत्रीच्या काडीत बगळ्याचा पाय दिसतो, आणि त्या दिवशी आजोबा त्या छत्रीची हकीकत सांगत बसतात. दुकानातल्या कोऱ्या काड्यांना सांगण्यासारखे काहीच नसते.

यासाठी पुढील प्रदर्शनापुरती माझी सूचना अशी. विकत आणलेली एकही वस्तू, डिंक व तार वगळून, या सदरात घेऊ नये. प्रत्येक कलाकृतीखाली एक चिठ्ठी असावी; तीत प्रत्येक तुकडा कोठे सापडला, तो कोणाचा होता आणि कशाने निकामी झाला हे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. निम्मे गुण त्या चिठ्ठीस द्यावेत. पालकांचे हस्ताक्षर आढळल्यास गुण देऊ नयेत. आणि परीक्षकांत चित्रकला-शिक्षकांच्या शेजारी एक खुर्ची आपल्या गल्लीतील भंगारवाल्यासाठी ठेवावी. पितळ कोणते आणि मुलामा कोणता हे तो नखाने खरवडून सांगेल, आणि गेल्या आठवड्यात कोणत्या घराने काय टाकले हेही त्याला ठाऊक असेल.